माहेर तेहरान, सासरही तेहरान : एका पत्रकार बाईच्या आठवणी आणि माझा प्रश्न

चिनारछाया:

मंडळी, आझादेह मोआवेनी यांचं 'हनिमून इन तेहरान' नुकतंच वाचून झालं. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बाई इराणी आईबापांची लेक, जन्म १९७६चा, कॅलिफोर्नियातला. 'टाइम' साप्ताहिकासाठी मध्यपूर्वेतून बातम्या देणारी. २००५च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीसाठी तेहरानला जाते, तिथे प्रेमात पडते आणि राहते. लग्नाआधीच दिवस जातात, मग लग्न, मूल, आणि २००७मध्ये सगळं आवरून लंडन. दरम्यान अहमदीनेजाद निवडून आलेले असतात, हे वेगळं सांगायला नको. नाव गुलाबी आहे, पण आत गुलाबी फार थोडं.

माझ्या मते खरं पुस्तक सुरू होतं ते लग्न ठरल्यावर. तोवर इराणी बायकांना लागू असलेल्या कायद्यांवर ती इतरांसाठी लिहीत होती. आता तेच कायदे तिच्या स्वतःच्या कागदपत्रांत शिरतात. बातमीदाराला लागणारं अंतर तिच्याकडे उरत नाही आणि मला नेमकं तेच मोलाचं वाटलं.

प्रश्न असा की आमच्या वाचनगटात पुढच्या महिन्यात इराण घ्यायचा आहे आणि एकच पुस्तक घेता येईल. हे घ्यावं का? की परदेशी पासपोर्ट पर्समध्ये असलेल्या बाईच्या नजरेने देश पाहणं म्हणजे गच्चीतून मोर्चा पाहण्यासारखं आहे?

गोदाकाठ:

वाचलंय. घ्या. सविस्तर रात्री लिहिते.

शंकेखोर:

गच्चीतूनच, ताई. आणि गच्चीही उत्तर तेहरानमधली.

तेहरान हे चढावरचं शहर आहे. उत्तरेला अल्बोर्झचे डोंगर. तिकडे हवा बरी, झाडी जास्त, घरं महाग. खाली दक्षिणेकडे जावं तसं उकाडा वाढतो आणि उत्पन्न घटतं. वलीअस्र रस्ता रेल्वे स्टेशनापासून वर तजरीशपर्यंत जातो. सतराअठरा किलोमीटरच्या त्या एका रस्त्यावर दोन देश दिसतात म्हणे. या पुस्तकातली माणसं वरच्या देशातली आहेत. इंग्रजी येणारी, पार्ट्या करणारी, परदेशात नातेवाईक असणारी.

२००५ साली अहमदीनेजादना मतं कुणी दिली? लोहाराचा मुलगा, तेहरानचा महापौर, तेलाचा पैसा तुमच्या जेवणाच्या सुफ्र्यावर, म्हणजे पंगतीच्या कापडावर, आणून ठेवतो म्हणणारा. २४ जूनच्या दुसऱ्या फेरीत त्यांनी रफसंजानींसारख्या मातब्बराला हरवलं. हा निकाल परदेशी वार्ताहरांच्या अंदाजात नव्हता, कारण ते ज्यांच्याकडे चहाला जात तिथे अहमदीनेजादांचा मतदारच नव्हता. ज्यांना हे कळलं नाही त्यांच्या आठवणींवरून देश समजून घ्यायचा?

टवाळभैरव:

शंकेखोरजी, निवडणुकीचे अंदाज चुकलेल्यांची पुस्तकं वाचायची नाहीत असं ठरवलं तर वाचायला फक्त पंचांग उरेल. आणि त्यातलाही पाऊस चुकतो.

गोदाकाठ:

@शंकेखोर, आत्मकथन म्हणजे जनगणना नव्हे. तिने 'संपूर्ण इराण' असं नाव दिलेलं नाही. उत्तर तेहरानमधली बाई इराणी नाही का? तिला हिजाबची गस्त वेगळी पकडते का? २००७च्या वसंतात कपड्यांवरून जी धरपकड झाली त्यात उच्चभ्रू वस्त्यांतल्या बायकाही गाडीत घातल्या गेल्या. सॅटेलाइट डिशवर १९९५पासून कायद्याने बंदी आहे, छापे पडतात, डिश उचलून नेतात आणि लोक पुन्हा बसवतात. हे वरच्या देशातही होतं आणि खालच्याही.

मला या पुस्तकात आवडलं ते हे की सरकार घरात कुठून कुठून शिरतं ते दिसतं. मोठ्या घोषणांमधून नाही. दाखला, परवानगी, नोंदणी. मुलाचं नाव काय ठेवायचं, तर त्यासाठीही नोंदणी खात्याची संमत नावांची यादी! इस्लामपूर्व काळातलं एखादं अनवट नाव आवडलं तर ते यादीत आहे का ते आधी बघायचं.

पण चिनारछाया, तुझ्या एका म्हणण्याशी मी सहमत नाही. लग्नानंतर अंतर उरत नाही म्हणतेस. मला वाटतं उरतं, आणि तिला ते बोचत राहतं. ती रागावते तेव्हाही तिच्या मनात कुठेतरी 'निघता येईल' हे असतंच. सासूच्या मनात ते नाही.

काळाकोट:

मी वकील आहे, इराणची नाही, पण तिथला कौटुंबिक कायदा अभ्यासाचा विषय म्हणून बराच वाचला आहे. वर 'तेच कायदे कागदपत्रांत शिरतात' असं म्हटलंय, ते म्हणजे नक्की काय हे लिहिते. थोडं लांबेल.

मुलीचं पहिलं लग्न असेल तर नागरी संहितेच्या कलम १०४३ प्रमाणे वडिलांची किंवा वडिलांच्या वडिलांची परवानगी लागते. वय कितीही असो. तिशीतली, कमावती, युद्धभूमीवरून बातम्या पाठवणारी बाई असली तरी बाबांचं पत्र हवंच. त्यांनी सबळ कारणाशिवाय नकार दिला तर कोर्टात जाता येतं, पण जावं लागतं. आता बाबा कॅलिफोर्नियात असतील तर? अमेरिकेत इराणचा दूतावासच नाही. वॉशिंग्टनमध्ये पाकिस्तानी दूतावासाच्या आसऱ्याने एक कक्ष चालतो, कागद तिथून फिरतात. उलट बाजूला, तेहरानमध्ये अमेरिकन नागरिकाचं काही अडलं तर १९८०पासून स्विस दूतावास बघतो.

लग्नाआधी मूल राहणं ही नुसती चारचौघांत बोलण्याची गोष्ट नाही. दंडसंहितेत अविवाहितांच्या शरीरसंबंधांना शंभर फटक्यांची शिक्षा लिहिलेली आहे. प्रत्यक्षात अशा वेळी कुटुंबं घाईने निकाह उरकतात आणि डोळ्यांवर कातडं ओढतात, पण कागदावर ती शिक्षा आहे. त्यामुळे या बाईंनी जे केलं ते किती जोखमीचं होतं हे लक्षात घ्या.

लग्न झाल्यावर नवऱ्याच्या लेखी संमतीशिवाय बायकोला पासपोर्ट मिळत नाही. हा कायदा मुल्लांनी आणलेला नाही, १९७३चा, शहाच्या काळातला आहे. त्यांनी तो फक्त जपला. २०१५मध्ये इराणच्या महिला फुटसाल (बंदिस्त मैदानातला छोटा फुटबॉल) संघाची कर्णधार निलूफर अर्दलान आशियाई स्पर्धेला जाऊ शकली नाही, कारण नवऱ्याने सही दिली नाही.

आता याची दुसरी बाजू. निकाहनाम्यात अटी घालता येतात. प्रवासाचा, नोकरीचा, शिक्षणाचा हक्क, अगदी घटस्फोट घेण्याचं मुखत्यारपत्रसुद्धा बायको लग्नाच्या वेळी लिहून घेऊ शकते. शिकलेल्या मुली हे करतात. आणि मेहेर, म्हणजे नवऱ्याने बायकोला द्यायची कबूल केलेली रक्कम! ती सोन्याच्या 'बहार-ए-आझादी' नाण्यांत ठरते. नवरीच्या जन्मवर्षाइतकी नाणी लिहायची पद्धत बरीच चालली. इराणी पंचांगाच्या १३६० साली (इ.स. १९८१) जन्म, तर १३६० नाणी. एक नाणं आठ ग्रॅमच्या थोडं वर, करा हिशेब. मेहेर थकली म्हणून इतके नवरे तुरुंगात जाऊ लागले की २०१३च्या कायद्याने ११० नाण्यांपुढच्या रकमेसाठी कैद नको असं ठरवलं. म्हणजे घटस्फोटाचा हक्क मुळात पुरुषाचा, पण बाईच्या हातात हे एक शस्त्र. मुली ती मेहेर सोडून देऊन त्या बदल्यात सुटका मिळवतात. प्रेमकथा वाचताना हा सौदा मागे चालू असतो हे लक्षात ठेवलं की पानं वेगळी दिसतात.

टवाळभैरव:

१३६० नाणी म्हणजे अकरा किलो सोनं. बाबांचं पत्र राहू दे, मला आधी बँकेचं पत्र लागेल.

पिस्तेवाला:

काळाकोट, उत्तम माहिती. मी कंपनीच्या कामासाठी तेहरानात राहिलो आहे, अहमदीनेजादांच्याच काळात. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नाला गेलो होतो, ते आठवलं.

अक्दचा, म्हणजे निकाहाचा, सुफ्रा जमिनीवर मांडतात. आरसा, दोन मेणबत्तीदाण्या, कुराण, मध, बदाम-अक्रोड, रंगवलेली अंडी. नवरानवरी आरशासमोर बसतात, डोक्यावर पांढरं कापड धरतात आणि सुखी संसार असलेल्या बायका त्या कापडावर साखरेच्या दोन कांड्या एकमेकींवर घासतात. मौलवी नवरीला विचारतात, कबूल आहे का? ती गप्प. बायका ओरडतात, नवरी फुलं तोडायला गेलीय! पुन्हा विचारतात. नवरी गुलाबपाणी आणायला गेलीय! तिसऱ्यांदा ती म्हणते, आईवडिलांच्या आणि वडीलधाऱ्यांच्या परवानगीने, हो. मग एकच कल्ला. काळाकोट ज्या कलमाबद्दल लिहितात ते कलम आणि हे वाक्य एकाच खोलीत असतं, पण त्या खोलीत बसल्यावर कलम आठवत नाही. सगळे खूश असतात.

आणि तआरोफ, म्हणजे इराणी औपचारिक आर्जव! पहिल्या दिवशी टॅक्सीवाल्याला पैसे विचारले तर छातीवर हात ठेवून म्हणाला, राहू द्या, तुमच्यापुढे पैशाचं काय. मी खरंच आभार मानून उतरलो. तो बिचारा गाडीतून उतरून मागे आला.

सुगरणीचा_खोपा:

पिस्तेवाले काका 😄 ताहदीगबद्दल पण लिहा ना. भाताची ती खालची कुरकुरीत खरपूड.

पिस्तेवाला:

पातेल्यात तळाला तेल-केशर, वर अर्धकच्चा भात, झाकणाला फडकं, मंद आच आणि धीर. पाहुण्याला खरपुडीचा मोठा तुकडा मिळतो. नको म्हणायचं, तीनदा. चौथ्यांदा घ्यायचा. बाकी पाककृतींच्या विभागात लिहितो, इथे चिनारछाया रागावतील.

हरकत_नाही:

मूळ पुस्तकाकडे येतो. यातल्या 'मिस्टर एक्स'बद्दल कुणीच बोललं नाही याचं आश्चर्य वाटलं. गुप्तचर खात्याचा माणूस, तिच्यावर नेमलेला. ती त्याला भेटते, काय लिहितेय ते सांगते, तो प्रश्न विचारतो, शेवटी शेवटी भाषा धमकीची होते. मला पुस्तकातलं हे नातं नवराबायकोच्या नात्यापेक्षा जास्त गुंतलेलं वाटलं. लग्न झालं, मूल झालं, तरी हा गृहस्थ आहेच.

तिथे परदेशी माध्यमांसाठी काम करायचं तर संस्कृती आणि इस्लामी मार्गदर्शन मंत्रालयाचं, म्हणजे एर्शादचं, ओळखपत्र लागतं. ते कधीही काढून घेतात. या सापळ्यात असलेली वार्ताहर जे लिहील त्यावर वाचकाने कितपत विसंबायचं? ती २००५ ते २००७मध्ये जे छापत होती ते आणि २००९मध्ये लंडनहून जे लिहिलं ते, यात दुसरं जास्त खरं असणारच. मग पहिलं काय होतं? आणि ज्यांना ती भेटली, ज्यांची नावं त्या माणसासमोर निघाली असतील, त्यांचं काय?

गोदाकाठ:

हरकत_नाही, तुमचा शेवटचा प्रश्न मलाही छळतो. पण हा माणूस पुस्तकात आला नसता तर आपल्याला तो प्रश्न पडलाच नसता. किती वार्ताहर ही भेटीगाठींची गोष्ट वाचकांना सांगतात? बहुतेक जण हुकूमशाही देशातून 'धाडसी वार्तांकन' करून येतात आणि परवाना कसा टिकवला ते गिळून टाकतात. हिने स्वतःची अडचण होईल असं लिहून ठेवलं आहे. मला तो प्रामाणिकपणा वाटतो.

हरकत_नाही:

प्रामाणिकपणा आहेच. पण निघून गेल्यावरचा.

धक्क्यावरून:

'निघता येईल' आणि 'परदेशी पासपोर्ट पर्समध्ये' हे या धाग्यात इतक्यांदा आलंय की राहवत नाही. मंडळी, इराण दुहेरी नागरिकत्व मानतच नाही. बाप इराणी तर मूल इराणी, जन्म कुठेही होवो. अशा माणसाने इराणी पासपोर्टवरच आत यायचं. आत आल्यावर निळा अमेरिकन पासपोर्ट असून नसल्यासारखा. स्विस वकील भेटायला मागतील तर उत्तर येतं, आमच्या नागरिकाशी तुमचा काय संबंध? म्हणजे पर्समधला तो पासपोर्ट संरक्षण देत नाही, वर संशय ओढवून आणतो.

उदाहरणं घ्या. झाहरा काझेमी, इराणी-कॅनेडियन छायाचित्रकार. जून २००३मध्ये एवीन तुरुंगाबाहेर कैद्यांच्या नातेवाइकांचे फोटो काढताना पकडली, जुलैमध्ये कोठडीत मारहाणीने मेली. रुखसाना साबेरी, इराणी-अमेरिकन, जानेवारी २००९मध्ये अटक, हेरगिरीच्या आरोपाखाली आठ वर्षांची शिक्षा. अपिलात शिक्षा दोन वर्षांवर येऊन निलंबित झाली आणि मे महिन्यात ती सुटली. जेसन रेझाइयान, 'वॉशिंग्टन पोस्ट'चा तेहरानमधला प्रतिनिधी, जुलै २०१४मध्ये घरातून उचलला, सोबत त्याची पत्रकार बायको. ती काही आठवड्यांनी सुटली, तो ५४४ दिवसांनी, २०१६च्या जानेवारीत, कैद्यांच्या अदलाबदलीत. हे तिघेही स्वतःच्या किंवा पूर्वजांच्या देशात काम करायला गेलेले. साबेरी आणि रेझाइयान तर तिथे वर्षानुवर्षं घर करून राहिलेले होते.

मोआवेनी बाई २००७मध्ये निघाल्या तेव्हा यातली पहिली घटना त्यांच्यासमोर होती. गच्ची म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, पण कठडा नसलेली.

चिनारछाया:

@धक्क्यावरून, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. पुस्तक वाचताना मला त्या शेवटच्या प्रकरणांतली घाई थोडी अनाकलनीय वाटली होती. या घटना शेजारी ठेवल्या की वाटत नाही.

शंकेखोर:

मान्य, कठडा नाही. पण मग ज्यांच्याकडे दुसरा पासपोर्टच नाही त्यांच्याबद्दल बोलू. सप्टेंबर २०२२मध्ये महसा अमिनीची, हिजाबवरून पकडल्यावर कोठडीत कोसळून मेलेल्या तरुणीची, बातमी जगाला कुणी दिली? 'शर्ग' दैनिकाची निलूफर हमेदी इस्पितळात पोचली आणि 'हम-मिहन'ची इलाहे मोहम्मदी दफनाच्या वेळी महसाच्या गावी, सक्केझला गेली. दोघी इराणी वृत्तपत्रांत काम करणाऱ्या, फार्सीत लिहिणाऱ्या. दोघी सव्वा वर्षाहून जास्त तुरुंगात. त्यांच्या आठवणींचं पुस्तक न्यूयॉर्कचा प्रकाशक छापायला धावला का? आपण इंग्रजीतून येतं ते वाचतो आणि इंग्रजीत लिहिणारा बहुधा बाहेर वाढलेला असतो. माझा राग मोआवेनींवर नाही, या चाळणीवर आहे.

काळाकोट:

शंकेखोर, ही तक्रार रास्त आहे. आत्ता तुम्ही पहिल्या पोस्टपेक्षा बरंच चांगलं भांडताय.

टवाळभैरव:

धाग्यावर एकमत व्हायला लागलंय. अॅडमिन, लक्ष द्या.

पानापानांत:

उशिरा आले, सगळं वाचलं. वाचनगटाच्या प्रश्नाला एक वेगळं उत्तर सुचवते.

शंकेखोर म्हणतात तसं 'आत राहिलेली' बाई हवी असेल तर शिरीन एबादींचं आत्मकथन घ्या, २००६चं 'इराण अवेकनिंग'. क्रांतीआधी न्यायाधीश होत्या. १९७९नंतर बायकांना न्यायाधीश होता येत नाही म्हणून त्यांना त्यांच्याच कोर्टात कारकुनी दिली. पुढे वकिली, २००३चं नोबेल शांतता पारितोषिक. गंमत अशी की ते पुस्तक लिहायला सोबत कोण? हीच आझादेह मोआवेनी. म्हणजे राहिलेलीची गोष्टही परतून आलेलीच्या इंग्रजीतून आली. आणि चाळणीबद्दलच बोलायचं तर ते पुस्तक छापता यावं म्हणून एबादींना २००४मध्ये अमेरिकन सरकारविरुद्ध कोर्टात जावं लागलं, कारण निर्बंधांमुळे इराणी लेखकाचं पुस्तक तिथे काढणं अवघड होतं. सरकारने त्याच वर्षाअखेर नियम सैल केले.

आणखी एक. एबादी जून २००९मध्ये परदेशी गेल्या होत्या, निवडणुकीचा निकाल लागला, रस्ते पेटले आणि त्या परतल्याच नाहीत. आज त्याही लंडनमध्ये. तेव्हा 'आत राहिलेली' आणि 'बाहेरची' हे दोन कायमचे गट नाहीत. पुस्तक लिहिताना माणूस कुठे होता एवढंच फार तर सांगता येतं.

'हनिमून' २००९च्या सुरुवातीला आलं, हरित आंदोलनाच्या काही महिने आधी. त्यातली दमलेली, राजकारणाला विटलेली तरुण मंडळी वाचून वाटतं की आता इथे कुणी रस्त्यावर येणार नाही. जूनमध्ये लाखो आले. ही तिची चूक म्हणून सांगत नाहीये. पण त्यामुळेच ते पुस्तक २००५ ते ०७ या काळाचा चांगला पुरावा आहे, कारण पुढचं माहीत नसताना लिहिलंय.

धक्क्यावरून:

+१. शेवटच्या वाक्यासाठी खास.

गोदाकाठ:

पानापानांत, दंडवत. तरी मी 'हनिमून'च घ्या म्हणेन. एबादींच्या पुस्तकाशी वाद घालायची कुणाची हिंमत होत नाही, सगळे माना डोलावतात आणि चहा पितात. मोआवेनीशी भांडता येतं. इथेच बघा ना.

चिनारछाया:

ठरलं. गटात 'हनिमून' घेतेय. सोबत काळाकोट यांच्या परवानगीने त्यांची पोस्ट छापून वाटणार आहे आणि धक्क्यावरून यांनी दिलेल्या तीन घटनाही. शंकेखोर, हमेदी आणि मोहम्मदी यांच्या बातम्यांचे अनुवाद कुठे वाचायला मिळतील तर कळवा, सुरुवात त्यांच्यापासून करू.

गोदाकाठचं सासूबद्दलचं वाक्य मात्र अजून पटत नाहीये. 'निघता येईल' हे सासूच्या मनातही असेल. आपल्याला तिने सांगितलं नाही इतकंच. त्यावर वेगळा धागा काढू का?

टवाळभैरव:

सासूच्या मनात काय असतं यावर धागा काढताय? सर्व्हर पुरणार नाही.

शंकेखोर:

अनुवाद शोधून ठेवतो. आणि हो, पुस्तक मी वाचलेलं नाही, परीक्षणंच वाचली होती. तुमच्या गटाची तारीख कळवा, तोवर वाचून येतो. मत बदलेल असं मात्र समजू नका.